सशाचं बिल आणि आपला खिसा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमचा ससा चार वर्षांचा आहे. दाढांना टोकं आली आहेत, हनुवटी सतत ओली असते, खाणं निम्म्यावर आलंय. भूल देऊन दाढा घासण्यासाठी दवाखान्याने १८,५०० रुपयांचा अंदाज दिलाय: तपासणी ८००, रक्ताच्या चाचण्या २,८००, डोक्याचे दोन एक्स-रे २,४००, भूल आणि दाढांचं काम ६,५००, दोन रात्री दाखल ठेवणं ४,०००, औषधं आणि तयार पातळ खाणं २,०००. आमची मजल १२,००० पर्यंत. घरातली मोठी माणसं म्हणतात, सहाशे रुपयांच्या सशावर एवढा खर्च? काटछाट कुठे करता येईल? (चिंचवड)

आधी हा १२,००० चा आकडा डॉक्टरांना सांगा, उद्याच. पुष्कळ लोक अंदाजपत्रकाला मान हलवतात, घरी येतात आणि संकोचापोटी परत जातच नाहीत. ससा तेवढे चार दिवस अर्धपोटी राहतो. अर्धपोटी सशाच्या यकृतात चरबी साठायला लागते, मग भुलेचा धोका वाढतो आणि बिलही वाढतं.

आता एकेक रक्कम पाहू. तपासणीचे ८०० द्यावेच लागतील. रक्ताची सगळी यादी करायची गरज बहुधा नाही. चार वर्षांचा, एरवी ठणठणीत ससा असेल तर साखर, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि मूत्रपिंडाचे आकडे एवढ्यावर भागेल का, असं विचारा. तुमच्या दवाखान्यात हे ९०० च्या आसपास बसेल असं धरू. एक्स-रे मात्र काढू नका म्हणू नका. दाढेचं टोक तोंडात दिसतं, पण मूळ जबड्यात कुठवर गेलंय आणि तिथे पू आहे का, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. मुळाशी गळू असेल तर नुसती दाढ घासून सहा हजार पाण्यात जातील. एक्स-रे त्याच भुलेत काढून घ्या, म्हणजे पुन्हा भूल द्यावी लागणार नाही.

भुलेच्या ६,५०० मध्ये पैशाचीही घासाघीस करू नका. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के होतं, सशांत जवळजवळ १.४ टक्के. त्यातले बरेचसे ससे भूल उतरताना किंवा त्यानंतरच्या काही तासांत गेले. ऑक्सिजन, अंगाखाली ऊब, सलाईन, वेदनाशामक आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसलेलं माणूस, हे सगळं त्या रकमेत आहे ना, हे विचारून घ्या. आणखी एक. 'आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा' असं सांगितलं तर थांबवा आणि विचारा. ती सवय कुत्र्या-मांजरांची. सशाला उलटी होऊच शकत नाही आणि उपास घडला की त्याचं आतडं बंद पडतं. टेबलावर घेईपर्यंत त्याच्यासमोर गवत असावं.

खरी बचत दाखल ठेवण्यात आहे. सकाळी काम करून संध्याकाळी घरी सोडाल का, असं विचारा. दिवसभराचे ८०० धरा. अट दोनच: संध्याकाळपर्यंत त्याने स्वतः काहीतरी खाल्लेलं असावं, आणि रात्री दर चार तासांनी सिरिंजने भरवायला घरात कुणीतरी जागं राहणारं असावं. औषधं जेनेरिक नावाने लिहून घेतली आणि पातळ खाणं घरी केलं (कृती पुढच्या उत्तरात आहे), तर २,००० चे १,००० होतात. बेरीज झाली १२,४००. वरचे चारशे पुढच्या तपासणीला देतो म्हटलं तर बहुतेक डॉक्टर ऐकतात.

हेही जमणार नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात जा. मुंबईत परळ, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ, शिवाय नागपूर, परभणी आणि उदगीर. तिथे केसपेपर काढून होणारा खर्च खाजगीपेक्षा बराच कमी असतो. मात्र ससे पाहणारे प्राध्यापक कोणत्या वारी असतात, हे आधी फोन करून विचारा.

आणि घरातल्यांचा सहाशेचा हिशेब: ससा सहाशेचा असला तरी खर्च एकदाच करून भागत नाही. दाढा पुन्हा वाढणार, काहींच्या दोन-तीन महिन्यांत. पुढचा खर्च लांबवायचा असेल तर आहाराचा चार पंचमांश भाग गवत हवं, ताजं किंवा वाळलेलं: हरळी, मारवेल, ओटचं गवत. आयात केलेलंच गवत हवं असं काही नाही. पेलेट्स (सशांचं तयार कोरडं गोळीखाद्य) वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅम पुरे. पोळी, बिस्किट, भिजवलेले हरभरे बंद. समोरचे दात वाढले म्हणून घरी नेलकटरने कापणं तर अजिबात नको. दात उभा चिरतो आणि चिरेतून जंतू मुळापर्यंत जातात.

प्रश्न: आमच्या गावात सशांचे डॉक्टर नाहीत. ससा रात्रीतून खायचा थांबला तर मोठ्या शहरात नेण्याआधी आणि स्वस्तात काय करता येईल? (मिरजेजवळून)

हा प्रश्न सगळ्यांनीच कापून ठेवावा असा आहे. सशाचं सर्वांत महागडं दुखणं हेच, आणि ते महाग होतं ते उशिरामुळे. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंड्या नाहीत, की ती तातडीची वेळ समजायची. 'उद्या बघू' म्हटलं की सलाईन-इंजेक्शनचं काम दाखल करण्यावर जातं.

आधी ताप मोजा. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारात जेमतेम सेंटिमीटरभर. सशाचं तापमान १०१.३ ते १०४ फॅरनहाइट असतं. १००.४ च्या खाली गेलं असेल तर सगळं सोडून ऊब द्या: गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून अंगाशी ठेवा, आणि तशीच सोबत घेऊन दवाखाना गाठा. गार पडलेल्या सशाला भरवू नका.

मग पोट चाचपा. टच्च फुगलेलं, ढोलासारखं लागत असेल आणि हे अचानक झालं असेल तर आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी भरवलं तर पोट आणखी ताणतं. सरळ निघा. रक्तातली साखर ३६० मिलिग्रॅमच्या वर असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. ही तपासणी कुठल्याही दवाखान्यात ग्लुकोमीटरच्या पट्टीवर होते, म्हणून ती आवर्जून करून घ्या.

पोट मऊ आहे, ऊब आहे, पण खात नाही, तर भरवायचं. पेलेट्स दुप्पट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, गाळणीतून काढा. दीड किलोच्या सशाला एका वेळी १५ मिलि, दिवसातून पाच वेळा. सुई काढलेली सिरिंज तोंडाच्या बाजूने, समोरच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत घाला आणि अर्धा-एक मिलि सोडून गिळू द्या. सशाला पाठीवर आडवं करून भरवू नका, घास फुफ्फुसात जातो.

बाळांच्या गॅसचे थेंब अनेकजण देतात. नुसतं सिमेथिकोन असेल तर नुकसान नाही. पण बाटलीवर 'डायसायक्लोमिन' लिहिलेलं असेल तर ती परत ठेवा. ते आतड्याची हालचाल मंदावतं आणि इथे मंदावलेल्या आतड्याचीच तर तक्रार आहे.

गावातल्या डॉक्टरांकडे जरूर जा. गुरांचे असले, सरकारी दवाखान्यातले असले तरी चालेल. कातडीखाली कोमट रिंगर लॅक्टेट हे सलाईन (दीड किलोला साधारण ६० ते ७५ मिलि, दोन जागी वाटून) आणि मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक एवढं झालं तरी पुष्कळ ससे सावरतात, आणि हे काही महागाचं काम नाही. फक्त मेलॉक्सिकॅमचा कुत्र्याच्या मापाचा डोस सशाला कमी पडतो. म्हणून ससे पाहणाऱ्या शहरातल्या डॉक्टरांची फोनवरची फी आत्ताच विचारून ठेवा आणि वेळ आली की दोन्ही डॉक्टरांचं बोलणं करून द्या. स्टेरॉइडचं इंजेक्शन नको, हे नम्रपणे सांगा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफॅलेक्सिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिनही नको. ही प्रतिजैविकं सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, मग जुलाब लागतात, आणि त्यातून ससे वाचणं कठीण.

पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक बऱ्याच जणांनी विचारलाय. ती सोय मुख्यतः पशुधनासाठी आहे, सशासाठी तिच्यावर विसंबून राहू नका.

प्रश्न: सशाचा विमा मिळतो का? (ठाणे)

आपल्याकडच्या पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी बहुतेक कुत्र्यांसाठी, काही मांजरांसाठी असतात. पशुधनाचा विमा जनावर दगावलं तर भरपाई देतो, दवाखान्याचं बिल देत नाही. एजंटने 'सशालाही चालेल' म्हटलं तर पॉलिसीच्या कागदावर 'ससा' हा शब्द आणि 'उपचारखर्च' हे कलम दोन्ही बोटाने दाखवायला सांगा.

त्यापेक्षा पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेव उघडा. महिना ७०० टाकले तर वर्षाला ८,४०० होतात, व्याज वेगळं. पहिल्या वर्षात काही झालं नाही तर मोडू नका. सशाची मोठी दुखणी तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर यायला लागतात.

प्रश्न: नर-मादी जोडी आहे, पाच महिन्यांची. दोघांचीही शस्त्रक्रिया करायची तर खर्च झेपत नाही. एकाची केली तर चालेल? (नागपूर)

आधी नराची करा. त्याची शस्त्रक्रिया सोपी, लवकर होणारी आणि स्वस्त असते. सशिणीचे दिवस ३०-३१ भरतात आणि व्याल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर दोघांना वेगळं ठेवा. शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे वेगळंच ठेवायचं, कारण तेवढा काळ नर पिलं देऊ शकतो. नेमकी ही गोष्ट लोक विसरतात.

पण मादीची टाळू नका, फक्त पुढे ढकला. चार वर्षांपुढच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या सशिणींत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. वेगवेगळ्या पाहण्यांत तो निम्म्याहून अधिक माद्यांत दिसला आहे. वेळेत केलेली शस्त्रक्रिया कर्करोग झाल्यावरच्या शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्तही आहे आणि सुरक्षितही. तुमच्या शहरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथला दर आधी विचारा. तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली घ्या. नागपूरच्या मे महिन्यात टाके घातलेला ससा सांभाळणं म्हणजे दुहेरी काळजी: ३० अंशांच्या पुढे निरोगी ससाही हैराण होतो. उन्हाळ्यात शहाबादी फरशीचा तुकडा, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि ओल्या हाताने पुसलेले कान एवढ्यावर दवाखान्याची एक फेरी वाचते. बर्फाच्या पाण्यात बुडवू मात्र नका.

प्रश्न: सशाच्या कानात आणि नाकावर पांढरट खपल्या आल्यात. शेजारी म्हणतात, कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध आमच्याकडे उरलंय, तेच टाका. (कल्याण)

नको. त्या औषधात फिप्रोनिल असेल तर ससा मरू शकतो. तुमच्या सशाला बहुधा खरूज आहे, आणि सशाच्या सगळ्या दुखण्यांत हे सर्वांत स्वस्त. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, वजनावर मोजून, दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. पहिल्या इंजेक्शननंतर खपल्या गळतात आणि लोक दुसऱ्याला जात नाहीत. अंडी त्या औषधाने मरत नाहीत, त्यातून निघालेले किडे पुन्हा घर करतात आणि खर्च नव्याने सुरू होतो. कानातल्या खपल्या ओढून काढू नका, खाली जखम असते. घरातल्या सगळ्या सशांना एकाच दिवशी इंजेक्शन द्या.

प्रश्न: सकाळी उठलो तर सशाची मान एका बाजूला वाकडी झालेली, तोल जाऊन लोळतोय. एका ठिकाणी एमआरआय सुचवला, दुसऱ्या ठिकाणी 'कायमचं झोपवून टाका' म्हणाले. दोन्हीची तयारी नाही. (नाशिक)

दोन्हीची घाई नको. मान वाकडी होण्याची दोन कारणं नेहमीची: कानाच्या आतला संसर्ग, किंवा एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली नावाचा परजीवी. कान तपासून घ्या आणि डोक्याचा साधा एक्स-रे काढा, कानामागच्या हाडाच्या पोकळीत पू असेल तर बऱ्याचदा त्यात दिसतो. परजीवीचा संशय असेल तर फेनबेंडाझोल रोज, २८ दिवस. गुराढोरांच्या जंतांसाठी वापरलं जाणारं हेच औषध सशाच्या वजनावर मोजून देतात, त्यामुळे महाग पडत नाही. महाग पडते ती शुश्रूषा, आणि ती पैशाने नव्हे तर हाताने करायची. खोक्याच्या चारी बाजूंना टॉवेलच्या वळकट्या लावा, म्हणजे लोळला तरी लागणार नाही. खालच्या बाजूचा डोळा घासतो, डॉक्टरांनी दिलेलं मलम त्यात घाला. पाणी वाटीत ठेवण्याऐवजी भाज्या ओल्या करून द्या: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला.

बरेच ससे दोन-चार आठवड्यांत सावरतात, मान थोडी तिरकी राहिली तरी खातात-पितात. दोन आठवड्यांनंतरही सतत लोळतोय, सिरिंजनेसुद्धा घेत नाही आणि वजन दर आठवड्याला घसरतंय, तर शांतपणे निरोप देण्याचा विचार करा. तेव्हाही पैसे संपले म्हणून ससा बागेत सोडून देऊ नका. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, १९६० पासून, असं सोडणं गुन्हा आहे. दंड हास्यास्पद आहे, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. पण तो ससा कुत्र्यांच्या किंवा घारीच्या तोंडी जातो.

प्रश्न: शस्त्रक्रियेसाठी क्रेडिट कार्ड वापरावं की ऑनलाइन वर्गणी मागावी? (कोल्हापूर)

कार्डावर बाकी ठेवलीत तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं. वीस हजार वर्षभर फिरवले तर आठ हजारांच्या वर नुसतं व्याज. हप्ते करायचे तर खरेदी झाल्याबरोबर बँकेकडून करून घ्या, प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून एकूण आकडा विचारा. घरातल्या कुणाकडून उसने मिळत असतील तर ते यापेक्षा केव्हाही बरे.

वर्गणी मागायची तर चार गोष्टी जोडा: दवाखान्याच्या लेटरहेडवरचं अंदाजपत्रक, एक्स-रेचा फोटो, तुम्ही स्वतः किती भरलेत तो आकडा, आणि पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातील अशी सोय. रडक्या मजकुरापेक्षा या कागदांवर लोक पैसे देतात. वर्गणी जमायला दिवस लागतात, म्हणून हा मार्ग गळवाच्या किंवा दातांच्या ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी. खाणं बंद झालेल्या सशासाठी तो उपयोगाचा नाही.

गळवाबद्दल इथेच सांगून टाकतो. सशाचा पू दह्यासारखा घट्ट असतो, चीर देऊन वाहून जात नाही. दर महिन्याला हजार रुपये देऊन चिरत बसण्यापेक्षा एकदाच पिशवीसकट काढणं शेवटी स्वस्त पडतं.

प्रश्न: वर्क व्हिसावर इंग्लंडला आलोय. मुलीसाठी दोन ससे घेतले. इथली बिलं ऐकून धडकी भरली. धर्मादाय दवाखाने आहेत म्हणतात, ते आम्हाला चालतील का? (स्लाव)

बहुधा नाही. पीडीएसएसारख्या संस्था जी स्वस्त किंवा मोफत सेवा देतात, ती मुख्यतः सरकारी भत्ते मिळणाऱ्यांसाठी. तुमच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट असणार, म्हणजे तो दरवाजा बंद. पण तिथे सशाचा विमा मिळतो. आत्ता, ससे निरोगी असताना घ्या, कारण आधीपासूनचं दुखणं कुठलीही कंपनी सहसा धरत नाही. कागद वाचताना तीन गोष्टी पाहा: दातांचा खर्च धरलाय की वगळलाय (बऱ्याच ठिकाणी वगळतात), एका दुखण्याची मर्यादा वर्षापुरती आहे की दरवर्षी नव्याने मिळते, आणि वय वाढल्यावर बिलाचा किती टक्के हिस्सा तुम्हाला भरावा लागेल.

मिक्सोमॅटोसिस आणि सशांच्या रक्तस्रावी तापावरची लस तिथे दरवर्षी टोचावी लागते. ती चुकवली तर त्या आजारांचा दावा फेटाळला जाऊ शकतो. कायमचं औषध सुरू झालं तर डॉक्टरांकडे लेखी प्रिस्क्रिप्शन मागा. त्याची फी घेतात, पण ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन औषधालयात तेच औषध बरंच कमी पडतं. प्रिस्क्रिप्शनवर किती वेळा औषध घेता येईल ते लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक बाटलीला नवी फी.